तेरा क्रमांकाला निरोप : गणेशोत्सवातले नाशिकचे तीन दिवस

अमेरिकेची फुटबॉलपटू ॲलेक्स मॉर्गन निवृत्त होत असल्याची बातमी गुरुवारी, ५ सप्टेंबर २०२४ रोजी रात्री आमच्या घरी पोहोचली. त्या वेळी मी पुण्यात थोरल्या दिरांकडे गणपतीच्या मखराला झिरमिळ्या लावत होते आणि माझी भाची उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून, पाय समोर पसरून, मला कागद कातरून देत होती. भाची सतरा वर्षांची आहे, कोल्हापूरची आहे, आणि मे महिन्यात गुडघ्याच्या फाटलेल्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाल्यापासून फिजिओथेरपीसाठी आमच्याकडे राहते. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मॉर्गन सांगत होती की, दुसऱ्या बाळाची चाहूल लागली आहे आणि रविवारचा सामना शेवटचा असेल. आपली चार वर्षांची मुलगी मोठेपणी फुटबॉल खेळणार म्हणते याचा तिला अभिमान वाटत होता. मुलीने फुटबॉलच खेळावा असा तिचा हट्ट नव्हता. चार वर्षांच्या पोरीलाही दिसावा असा रस्ता आता तयार झाला आहे, एवढेच तिला म्हणायचे होते. भाचीने ती चित्रफीत तीनदा पाहिली. शस्त्रक्रियेनंतर तिने घरात फुटबॉलचे नावही काढले नव्हते, म्हणून मी काही न विचारता झिरमिळ्या लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकहून फोन आला. माझी ही मैत्रीण आणि मी कोल्हापुरात एकाच पेठेत वाढलो. गांधी मैदानावर मुलगे खेळून गेल्यावर उरलेल्या उजेडात चेंडू लाथाडणाऱ्या आम्ही पाच-सहा मुली होतो. लग्नानंतर ती नाशिकला गेली, तिथल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाली, आणि गेली अकरा वर्षे ती रोज सकाळी मुलींना फुटबॉल शिकवते आहे. "रविवारी रात्री सगळ्या पोरी माझ्याकडंच झोपायला येणार आहेत," ती म्हणाली. "आपल्याकडं सोमवारी पहाटे साडेपाचला सामना आहे. बेंबेम देवीच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना? या वेळी एकटीनं बघायचं नाही. भाचीला घेऊन ये की!"

बेंबेम देवी म्हणजे भारताची फुटबॉलपटू. तिच्या वेळी काय झाले होते, ते पुढे सांगते.

पहिला दिवस : शनिवार, ७ सप्टेंबर

गणेश चतुर्थीच्या दिवशी घराबाहेर पडणे मनाला पटत नव्हते. पण प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, नैवेद्य दाखवला, आणि जाऊबाईंनीच मोदकांचा डबा हातात देऊन, "जा, पोरीच्या तोंडावर हसू आलंय, आता थांबू नका," असे सांगितले. आठवड्याच्या सुरुवातीला झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप बुधवारी मिटला होता, त्यामुळे गाडी मिळाली. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात निम्मे भाडे पडते, हे नाशिकला निघणाऱ्या मैत्रिणींनी ध्यानात ठेवावे. स्वतंत्र वाहन करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाला घेऊन पुणे-नाशिक प्रवास करायचा असेल तर एक गोष्ट अनुभवाने सांगते. आरक्षण करताना दाराजवळची, मधल्या वाटेकडची जागा मागून घ्यावी, म्हणजे पाय लांब करता येतो. दर दीड-दोन तासांनी चार पावले टाकायला मिळणे आवश्यक असते. आम्ही नारायणगावला आणि संगमनेरला खाली उतरलो. सणाच्या दिवशी चाकणपर्यंतच बराच वेळ मोडतो, त्यामुळे एरवीच्या पाच-सहा तासांत आणखी दीड तास धरूनच निघावे.

चंदनापुरीच्या घाटात पावसाने गाठले. काचा बंद झाल्या, आत दिवा लागला, आणि भाची पहिल्यांदा आपणहून बोलू लागली. "मावशी, मॉर्गनचा गुडघासुद्धा सतराव्या वर्षीच गेला होता, तुला माहीत आहे?" मला माहीत होते. अमेरिकेच्या वीस वर्षांखालील संघाच्या सरावात तिला बोलावले गेले होते आणि तिथेच तिचा तो लिगामेंट फाटला. त्यानंतर ती देशासाठी २२४ सामने खेळली आणि तिने १२३ गोल केले. हे आकडे मी मे महिन्यातच भाचीला सांगणार होते. पण ज्याचा पाय प्लास्टरसारख्या पट्ट्यांत आवळलेला आहे, त्याला दुसऱ्याचे यश ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटले होते. आता तीच सांगत होती आणि मी ऐकत होते. तिची पाठपिशवी मला वरच्या फळीवर ठेवायची होती, पण तिने ती ठेवू दिली नाही. दोन दिवसांच्या कपड्यांना ती पिशवी बरीच जड होती.

द्वारका चौकाच्या अलीकडे गाडी थांबली ती वीस मिनिटे हललीच नाही, कारण पुढे एका मंडळाची मूर्ती मंडपाकडे चालली होती. नाशिकचा ढोल आम्ही पुण्यात अनेकदा ऐकतो, परंतु त्याच्या गावात, ओल्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून येणारा तो आवाज छातीत वेगळाच उतरतो. रात्री साडेनऊच्या पुढे आम्ही मैत्रिणीच्या घरी पोहोचलो. तिच्या सासूबाईंनी, ज्यांना अवघी गल्ली आजी म्हणते, दारातच भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकले, आणि भाचीच्या गुडघ्याकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी." फिजिओथेरपिस्टने चार महिन्यांपूर्वी अगदी हेच सांगितले होते.

दुसरा दिवस : रविवार, ८ सप्टेंबर

सकाळी साडेसहाला गंगापूर रोडच्या बाजूच्या एका मैदानावर पोहोचलो. भुरभुर पाऊस होता, गवत घोट्यापर्यंत वाढलेले होते आणि एका गोलच्या तोंडाशी पाण्याचे डबके साचले होते. बावीस मुली आल्या होत्या. त्यांतल्या सात-आठ जणी पेठ, हरसूल या बाजूच्या पाड्यांवरच्या, शिक्षणासाठी शहरात नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहणाऱ्या. नाशिकच्या या डोंगरपट्ट्यातल्या मुली धावण्यात किती पुढे जाऊ शकतात, हे सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवून दाखवले आहे. "दम यांना शिकवावा लागत नाही," मैत्रीण म्हणाली, "चेंडू पायात ठेवायला शिकवते, बस्स."

मैदानाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात बूट असतात. मोठ्या झालेल्या, खेळ सोडलेल्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींचे बूट तिथे जमा होतात आणि नव्या मुलींना दिले जातात. कपाटाच्या आतल्या बाजूला दोरीने बांधलेली एक वही आहे : अनुक्रमांक, रंग, माप, कोणी दिले, कोणाला दिले, परत कधी. मी ती वही चाळत बसले. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसती रेघ होती.

बारा वर्षांची एक बारीकशी मुलगी माझ्यासमोर बूट घालत होती. तिला माप पाचचे लागते आणि कपाटात त्या दिवशी सातच्या खालचे काही शिल्लक नव्हते. तिने खिशातून जुन्या सुती साडीच्या दोन चिंध्या काढल्या, त्यांची गुंडाळी करून बुटाच्या पुढच्या टोकात बसवली, पाय आत घालून टाच दोनदा जमिनीवर आपटली, आणि लेस बुटाच्या तळव्याखालून फिरवून वर करकचून बांधली. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटलेला होता. मोच्याने तो डिंकासारख्या पिवळ्या सोल्युशनने चिकटवल्याची खूण स्पष्ट दिसत होती. हे सगळे करायला तिला दोन मिनिटेही लागली नाहीत. मग ती धावत गेली आणि पहिलाच चेंडू तिने डाव्या पायाने असा मारला की, भाची माझ्या शेजारी बसल्या जागेवरून उठली.

मैत्रिणीने ठरवले होते की, मॉर्गनच्या तेरा क्रमांकाच्या जर्सीसाठी तेरा मिनिटांचा सामना खेळायचा. पंच म्हणून शिट्टी तिने भाचीच्या हातात दिली. "मला धावता येत नाही," भाची म्हणाली. "मधल्या रेषेवर उभी राहा, चालत फीर," मैत्रीण म्हणाली. तेरा मिनिटे ती उभी राहिली, चालली, दोनदा फाउल दिले आणि एकदा एका मुलीच्या रागावलेल्या प्रश्नाला तिने शांतपणे उत्तरही दिले. पाऊस वाढला तरी कोणी थांबले नाही.

त्या दिवशी ऋषिपंचमी होती. नाशिकला कोणी या दिवशी एखाद्या घरी पाहुणे म्हणून गेले तर जेवायला नाही म्हणू नये. बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, हा या दिवसाचा नेम, म्हणून परसात, कुंपणावर, हाताने लावलेल्या भाज्यांची एकत्र भाजी करतात. आजींनी अळू, लाल भोपळा, शिराळी, सुरण, भेंडी आणि मक्याच्या कणसाचे तुकडे घातले होते. मसाला नाही, फोडणी नाही, फक्त हिरवी मिरची, मीठ, ओले खोबरे आणि चिंचेचा कोळ. सोबत भगर. भगरीच्या गिरण्यांसाठी नाशिक प्रसिद्धच आहे, आणि तिथली भगर मोकळी, दाणा न् दाणा सुटा शिजते, असे मला वाटले. भाचीने दोनदा वाढून घेतले. ऋषिपंचमीचा उपास बायकांचा म्हणून पाळला जातो, आणि आजी पंचाहत्तराव्या वर्षीही तो पाळतात, पण जेवताना त्यांनी मुलींपैकी प्रत्येकीला, उपास असो वा नसो, आग्रहाने वाढले, कारण "खेळून आल्यात."

दुपारी पंचवटीत गेलो. गोदावरीला पाणी भरपूर होते, गढूळ आणि वेगवान. नाशिककर पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीवर मोजतात : पायाला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले. आम्ही गेलो तेव्हा ते पायांशी खळखळत होते. पावसाळ्यात रामकुंडाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने खाली उतरूच नये, पुलावरून नदी उत्तम दिसते. आम्ही तेच केले.

संध्याकाळी मैत्रिणीच्या घरच्या दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाले. नदीकाठी केलेल्या कृत्रिम तलावात मूर्ती सोडली आणि पाटावर मूठभर वाळू घेऊन परतलो. आजींनी तिची आरती केली आणि वाळू तुळशीत घातली. मखर तसेच राहिले, त्यात रिकामा चौरंग. दीड दिवसाच्या गणपतीनंतरचे घर मला लहानपणापासून उदास करते. त्या दिवशी मात्र उदास व्हायला वेळ मिळाला नाही, कारण आठ वाजल्यापासून अंथरुणे काखेत मारून मुली येऊ लागल्या.

एका मुलीचे वडील मंडळांचे मंडप रंगवतात. ती जुन्या पांढऱ्या चादरीवर लिहिलेला फलक घेऊन आली : "धन्यवाद, १३". उरलेल्या सोनेरी रंगाने १३ चा आकडा इतका जाड काढला होता की तो अजून ओला होता, आणि खोलीभर त्या रंगाचा वास पसरला. चादर भिंतीवर खिळ्यांना टांगताना सोनेरी रंगाचा एक ओघळ तीनच्या शेपटीवरून खाली आला. तो तसाच राहू दिला.

मग मैत्रिणीने मॉर्गनचे जुने गोल भिंतीवर दाखवायला सुरुवात केली. लंडन ऑलिंपिकची उपांत्य लढत, ६ ऑगस्ट २०१२, मँचेस्टरचे ओल्ड ट्रॅफर्ड. कॅनडाच्या क्रिस्टिन सिंक्लेअरने तीन गोल केले होते, ३-३ अशी बरोबरी होती, जादा वेळही संपला होता, आणि १२३ व्या मिनिटाला मॉर्गनने उडी मारून डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. मुलींनी आरडाओरडा केला. मला मात्र दरवेळी तो गोल पाहताना सिंक्लेअरचा चेहरा आठवतो. तीन गोल करूनही हरणे काय असते, ते कोल्हापूरच्या मैदानावर मीही एकदा भोगलेले आहे. त्यानंतर २०१९ च्या विश्वचषकातला इंग्लंडविरुद्धचा गोल आला. त्या दिवशी, २ जुलैला, मॉर्गनला तीस वर्षे पूर्ण झाली होती, आणि गोल केल्यावर तिने करंगळी उचलून चहाचा घोट घेतल्याची खूण केली होती. नेमक्या त्याच वेळी आजी चहाचा ट्रे घेऊन आल्या, आणि पुढचा अर्धा तास प्रत्येक मुलीने करंगळी वर करूनच चहा प्यायला.

मुलींबरोबर चार जणींच्या आयाही आल्या होत्या. त्यांना गोलांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस होता. मॉर्गनची पहिली मुलगी मे २०२० मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये ती देशासाठी खेळली, कांस्यपदक घेऊन आली, हे मैत्रिणीने सांगितल्यावर एक आई म्हणाली, "बाळ झाल्यावर खेळू दिलं तिला?" तिच्या स्वरात अविश्वास नव्हता, हिशेब होता, ती मनात काहीतरी मोजत होती. मैत्रिणीने तिला पगाराच्या खटल्याबद्दलही सांगितले : ८ मार्च २०१९ रोजी, महिला दिनीच, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातल्या अठ्ठावीस खेळाडूंनी पुरुषांइतक्या मोबदल्यासाठी आपल्याच महासंघावर दावा लावला, त्या दाव्यात मॉर्गनचे नाव सर्वांत वर होते, आणि २०२२ साली तो दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. "आपल्याच महासंघावर," ती आई पुन्हा म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली.

आता बेंबेम देवीविषयी. मणिपूरची ओइनाम बेंबेम देवी १९९५ मध्ये, पंधराव्या वर्षी, भारताकडून पहिल्यांदा खेळली. एकवीस वर्षे ती खेळत राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ४-० असे हरवले आणि तो तिचा देशासाठीचा शेवटचा सामना ठरला. मला ते समजले कित्येक दिवसांनी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या चार ओळींवरून. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या ओळी वाचल्या, मैत्रिणीला फोन केला, तिलाही माहीत नव्हते, आणि आम्ही दोघी फोनवर रडलो. पुढे तिला २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद झाला. पण ज्या खेळाडूसाठी आम्ही मैदानावर उतरलो, तिला शेवटचा सामना खेळताना आम्ही पाहिले नाही, याची बोच गेली नाही. निरोप हा वेळेवरच द्यावा लागतो. नंतर दिलेला पुरस्कार त्याची जागा घेत नाही.

हे मुलींना सांगत असताना भाची मध्येच म्हणाली, "पण मावशी, भारताची टीम एका निरोपाला हजर होती." आणि तिने सर्वांना फॉर्मिगाबद्दल सांगितले : ब्राझीलची ती मिडफिल्डर, सात विश्वचषक आणि सात ऑलिंपिक खेळलेली, २५ नोव्हेंबर २०२१ रोजी मनाउसला तिचा देशासाठीचा शेवटचा सामना झाला, तो भारताविरुद्ध. ब्राझील ६-१ ने जिंकला, परंतु आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने बरोबरी साधणारा गोल केला होता. मे महिन्यापासून मी भाचीच्या तोंडून इतकी सलग वाक्ये ऐकली नव्हती. मुली तिच्याभोवती सरकून बसल्या. रात्री अकराला मैत्रिणीने सक्तीने दिवे मालवले.

तिसरा दिवस : सोमवार, ९ सप्टेंबर

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. रात्रभर पाऊस कोसळत होता, त्यामुळे ती लवकर येण्याची आशा नव्हती. प्रोजेक्टर बंद, वायफाय बंद. वीस मुली अंधारात उठून बसल्या होत्या आणि कोणीही कुरकुर केली नाही, याचे मला आजही कौतुक वाटते. भाचीने लॅपटॉप काढला, त्याला मोबाइलचे इंटरनेट जोडले, आणि तो कुठे ठेवावा म्हणजे सर्वांना दिसेल, असा प्रश्न आला. आजीच म्हणाल्या, "मखरात ठेवा, चौरंगावर. उंच आहे आणि मागे आरसा आहे." कालपर्यंत गणपती होता त्या जागी यंत्र ठेवायला माझे मन धजावत नव्हते. आजींनी स्वतः चौरंग पुसला आणि लॅपटॉप ठेवला. मखराच्या आरशांमध्ये त्या पडद्याचा हिरवा उजेड चारी बाजूंनी पसरला.

सॅन दिएगोत तेव्हा रविवारची संध्याकाळ होती. स्टेडियममध्ये २६,५१६ माणसे आली होती, असे नंतर वाचले. आमच्या खोलीत तीस असतील. मॉर्गन सॅन दिएगो वेव्हच्या संघाची कर्णधार म्हणून मैदानावर आली. दहाव्या मिनिटाला वेव्हला पेनल्टी मिळाली आणि चेंडू तिच्याकडे देण्यात आला. नेमके त्या क्षणी चित्र अडकले आणि पडद्यावर नुसते चक्र फिरू लागले. कोणी श्वासही घेतला नाही. चित्र परत आले तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाच्या गोलकीपरने, केसी मर्फीने, तो फटका अडवलेला होता. मुली हळहळल्या. मला मात्र तिथे मर्फीविषयी फार आदर वाटला. ती राष्ट्रीय संघात मॉर्गनची सहकारी होती. समोर तिचा शेवटचा सामना चालला होता, हजारो लोकांना तो गोल हवा होता, आणि तरीही तिने आपले काम प्रामाणिकपणे केले. खेळाडूला खेळाडूने द्यायचा मान तो हाच.

तेराव्या मिनिटाला तिला बदलण्यात आले. सहकारी भोवती जमल्या, मिठ्या झाल्या. मग ती खाली वाकली, तिने पायांतले बूट काढले, मैदानावर ठेवले आणि मोज्यांवर चालत बाहेर निघाली. आमच्याकडे उजाडायला लागले होते आणि खिडकीबाहेर पागोळ्यांचा आवाज येत होता. मैत्रीण उभी राहिली, तिच्या पाठोपाठ सगळ्या मुली उभ्या राहिल्या, आया उभ्या राहिल्या, आणि टाळ्या सुरू झाल्या. मुली टाळ्या वाजवत असताना मला शिलाँगचे ते मैदान आठवत होते, जे मी कधीच पाहिलेले नाही. भाचीने माझा हात धरला होता.

टाळ्या थांबल्यावर पुढच्या ओळीतल्या त्या बारा वर्षांच्या मुलीने मागे वळून अगदी गंभीरपणे विचारले, "मॅडम, ते बूट आता कुणाला देणार?"

मैत्रिणीला उत्तर सुचले नाही. सामना पुढे चालू राहिला, वेव्ह ४-१ ने हरले, परंतु शेवटपर्यंत एकही मुलगी उठली नाही.

साडेआठला वीज आली. मुली शाळेच्या तयारीला घरोघर गेल्या आणि आम्ही मिसळ खायला बाहेर पडलो. नाशिकची मिसळ शनिवार-रविवारी खायला जाऊ नये, तासभर थांबावे लागते. सोमवारी सकाळी दहा मिनिटांत बसायला मिळाले. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि मोड आलेली मटकी, त्यावर शेव, बाजूला दही, भाजलेला पापड आणि शेवटी गरम जिलेबी. रस्सा वेगळ्या वाटीत मागावा आणि लागेल तसा ओतून घ्यावा. एकदम ओतला तर शेव मऊ पडते. पुण्यासाठी चिवडा घेतला.

परतीची गाडी साडेबाराची होती. निघण्यापूर्वी भाचीने मैदानावर जायचा आग्रह धरला. सोमवारी दुपारी तिथे कोणी नव्हते, ती बारीकशी मुलगी तेवढी शाळेची मधली सुट्टी असल्यामुळे आली होती. तिला बोलावून घेतल्याचे मला तेव्हा कळले. पत्र्याच्या खोलीत भाचीने पाठपिशवी उघडली आणि कपड्यांखालून स्वतःचे बूट बाहेर काढले. मे महिन्यातल्या त्या सामन्यापासून तिने ते पायात घातले नव्हते. उजव्या बुटाच्या खिळ्यांत कोल्हापूरची लाल माती अजून वाळून बसलेली होती. तिने ती काडीने टोकरून काढली. मुलीने बूट घातले, टाच आपटली, आणि सवयीने खिशातल्या चिंध्या काढल्या. मग त्यांची गरज नाही हे लक्षात येऊन परत आत ठेवल्या.

"देऊन टाकते आहेस?" मैत्रिणीने विचारले. तिच्या आवाजातली काळजी मला ऐकू आली, कारण तीच माझ्याही मनात होती.

"नाही," भाची म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, नऊ महिने." तिने कपाटातली वही ओढली, दोरी पुरेना म्हणून वाकून उभी राहिली, आणि स्वतःच्या अक्षरात नोंद केली : अनुक्रमांक ४७, काळे, माप ५. देणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले, घेणाऱ्याच्या रकान्यात त्या मुलीला लिहायला लावले. शेवटच्या रकान्यात, जिथे बहुतेकांनी रेघ मारली होती, तिने लिहिले : परत, फेब्रुवारी २०२५.